एका पिंपात किल्ला

उन्हाळ्याच्या सुट्टीवर लिहायचं म्हटलं की लोक आमराई काढतात. माझ्याकडे आमराई नाही. एक निळं प्लास्टिकचं पिंप आहे, त्यात सोडलेला हिरवा पाईप आहे, आणि पिंप भरायच्या आत किल्ला सर करायची घाई आहे. मे महिना आला, विरारच्या आमच्या भागात पाणी पुन्हा दिवसाआड झालं, आणि त्याच आठवड्यात लविनाचा ईमेल आला. लविना माझी चाळीतली मैत्रीण. सध्या आखातात एका इस्पितळात नर्स आहे. मजकूर एवढाच: "बघ. आपल्यासारखी येडी माणसं जगात आहेत." खाली एक लिंक.

मी तेव्हा माणिकपूरला होते. पाण्याचीच पत्रकं छापायला टाकली होती. छपाईवाला म्हणाला, "मॅडम, शाई वाळू द्या, जरा फिरून या." शेजारी सायबर कॅफे. खुर्चीचा फोम उसवलेला, कीबोर्डावर कुणाच्या तरी वडापावचा तेलकट अंगठा. लिंक उघडली तर पडद्यावर गण्या.

गण्या म्हणजे आमच्या टीव्ही गेममधला माणूस. त्याचं खरं नाव काय ते आम्हाला कधीच कळलं नाही, कारण कॅसेटवरची अक्षरं कुठल्या भाषेतली हेच कळत नव्हतं. हातात कंदील घेऊन तो एका किल्ल्यात शिरतो आणि सात दारं ओलांडून शेवटच्या बुरुजावर जातो. नाणी, वटवाघळं, भाल्यांचे खड्डे, सगळं वाटेत. व्हिडिओत कुणीतरी परदेशी माणूस हा किल्ला वेड्यासारखा पळत सर करत होता. कोपऱ्यात घड्याळ धावत होतं, सेकंदाचेही तुकडे पाडणारं. खाली नाव होतं, स्पीडरन. जिंकणं गृहीतच धरायचं; किती लवकर, एवढाच प्रश्न. त्याच्याखाली लोकांची हाणामारी चाललेली: घड्याळ कधी सुरू करायचं, बटण दाबल्यावर की गण्याने पहिलं पाऊल टाकल्यावर?

मला हसू आलं आणि रागही आला. आमचं घड्याळ पाण्यावर चालायचं, बाबांनो. ते कधी सुरू होणार हे व्हॉल्व्ह फिरवणारा ठरवायचा.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. गण्याचा सदरा लाल आहे. आमचा टीव्ही कृष्णधवल होता.

*

मनवेलपाड्यातली आमची चाळ बैठी. समोरासमोर खोल्या, मध्ये फरशीची बोळ, बोळीच्या टोकाला एकच नळ. नळाची मूठ कधीच कुणीतरी पळवलेली, म्हणून पकडीने फिरवायचा. ती पकड सावंतकाकूंकडे असायची, म्हणजे नळाचं राज्य सावंतकाकूंकडे. काकू मालवणच्या, जिभेला धार. त्या पाळी लावायच्या. ज्याची पाळी त्याने आपल्या दारापर्यंत पाईप ओढायचा आणि एक पिंप भरून घ्यायचं. एका घराला एक पिंप. भरलं की घरच्या बाईने ओरडायचं, "भरलं!" आणि काकू नळ आवळायच्या. उगाच सांडलं तर पुढच्या वेळी पाळी शेवटची. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. मी आजवर वाचलेल्या बऱ्याच लिहिलेल्या कायद्यांपेक्षा तो चांगला पाळला जायचा.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. लविनाच्या वडिलांनी आखातातून गेमचं मशीन पाठवलं आणि तिच्या मम्मीने ते त्याच दिवशी घराबाहेर काढलं. गेम खेळलं की पिक्चर ट्यूब जाते, असं तेव्हा सगळ्या वसई-विरारला ठाऊक होतं. त्यांचा टीव्ही रंगीत, नवा. आमचा जुना, आधीच अर्धा मेलेला, चालू करायला डाव्या बाजूने थापट लागायची. त्याचं आणखी काय जाणार? मशीन आमच्याकडे आलं.

आईने मशीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आई साताऱ्याकडची, एक वाक्य दोनदा बोलायची नाही.

"आपल्या पाळीचं पिंप भरेस्तोवर तुझं राज्य. भरलं म्हणाले की टीव्ही बंद करून उठायचं. हंडे उचलायला मी एकटी नाही."

आता हा खेळ असा की मध्येच बंद केला की सगळं गेलं. पुन्हा चालू केला की गण्या पहिल्या दाराशी, कंदील घेऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. म्हणजे किल्ला सर करायचा तर एका पिंपात करायचा. जगातली इतर पोरं हौसेने घाई करायला शिकली असतील. मला ती पाण्याने शिकवली.

*

पाईपमध्ये पाणी यायच्या आधी हवा येते. फस्स, फस्स, मग एक ढेकर, मग गंजाचं लालसर पाणी. ते काकू गटारात सोडायच्या. मग पाईप पिंपात पडायचा आणि रिकाम्या प्लास्टिकवर धो धो आवाज सुरू व्हायचा. तो आवाज म्हणजे माझी शिट्टी. मी बटण दाबायचे.

बाहेर उन्हाने तापलेले पत्रे तडतडायचे. आत टीव्हीची काच हाताचे केस उभे करायची. मशीनचा अडॅप्टर इतका तापायचा की लविना त्याच्यावर ओला रुमाल ठेवायला निघाली होती, तिला वेळीच अडवलं. कान मात्र माझे बाहेर. पिंप रिकामं असताना आवाज ढणढण येतो, अर्धं झालं की घोगरा होतो, गळ्याशी आलं की बारीक आणि घाईचा. पडद्यावर न पाहता मला कळायचं की पाणी कुठवर आलंय. आणि बोळीतून काकूंना कळायचं की मी कुठवर आलेय, कारण प्रत्येक दाराला गाणं बदलायचं.

"काय गो शिल्पा, तुझो गण्या खंय पोचलो?"

"तिसऱ्या दाराला, काकू!"

"पिंप अर्ध्याच्या वर गेला. धाव म्हण त्याका."

पहिल्या दिवसांत चौथ्या दारातच "भरलं!" ऐकू यायचं. मला वाटायचं, बोटं हळू आहेत. लविना मागे भिंतीला टेकून बसायची. ती म्हणाली, "बोटं नाही. तू हावरट आहेस. दिसलं नाणं की गेली."

खरंच होतं. प्रत्येक नाण्यासाठी गण्या उडी मारायचा. नाण्यांनी काय मिळायचं? वर कोपऱ्यात आकडा वाढायचा. बस. मी नाणी सोडायची ठरवलं आणि काय यातना झाल्या! डोक्यावरून नाण्यांची झालर जातेय, टिंग टिंग वाजायला तयार, आणि आपण खालून तसंच पळायचं. पण त्या दिवशी गण्या पाचव्या दारात शिरला. आता पत्रक लिहायला बसले की हेच करते. सुंदर सुंदर विशेषणं डोक्यावरून लटकत असतात. खालून पळायचं. लोकांना दाराशी पोचवायचंय.

दुसरी गोष्ट मार खाण्याची. वटवाघूळ लागलं की गण्या क्षणभर लुकलुकतो, आणि लुकलुकत असेपर्यंत त्याला दुसरं काही लागत नाही. मी आधी वटवाघूळ चुकवायला थांबायचे. मग लक्षात आलं, एक मुद्दाम अंगावर घ्यायचं आणि लुकलुकत पुढच्या भाल्यांमधून सरळ निघून जायचं. ही युक्ती सापडली तेव्हा मी ओरडलेच. कुणी शिकवलं नव्हतं, कुठे छापलेलं नव्हतं. त्या परदेशी माणसाने व्हिडिओत त्याच जागी, त्याच वटवाघळाला छाती दिली आणि सायबर कॅफेत माझ्या अंगावर काटा आला. आमची ओळखपाळख नाही. पण तो खड्डा आम्हा दोघांना पाठ आहे.

तिसरी गोष्ट भिंतीची. पाचव्या दाराआड एक लांबलचक जिना आहे. एकदा मशीनची वायर माझ्या पायात आली, रिमोट हातातून सुटता सुटता दोन बटणं एकदम दाबली गेली, आणि गण्या भिंतीकडे पाठ करून उडाला तो भिंतीतून आरपार पलीकडे. अख्खा जिना वाचला.

लविना ताठ बसली. "हे चीटिंग आहे."

"कसं काय? भिंतीत फट आहे तर भिंतीची चूक."

"फट दिसली म्हणून घुसायचं का?"

"हो!"

तिने ओठ मुडपले. लविना तेव्हापासून तशीच. चूक पाहिली की गप्प बसायची आणि तिचं गप्प बसणं आपल्याला ऐकू यायचं.

*

लविनाच्या हातात सगळा वेळ माळ असायची. मे हा मारिया मातेचा महिना. तिच्या मम्मीचा हुकूम, रोज एक अख्खी माळ झाली पाहिजे. पिंपात धो धो सुरू झालं की तीही माळ सुरू करायची, माझ्या मागे बसून पुटपुटत एकेक मणी सरकवायची, डोळे गण्यावर. एकदा मम्मीने दारातून पाहिलं.

"देवाची माळ आणि लक्ष त्या माकडाकडे!"

"तोंड देवाकडेच आहे, मम्मी," लविना म्हणाली आणि पुढचा मणी धरला.

महिना निम्मा सरला. बोटं तयार झाली. प्रत्येक खड्डा, प्रत्येक भाला मला डोळे मिटून दिसायचा, भाकरी थापणाऱ्या आईला तवा दिसावा तसा. तरी सहाव्या दाराच्या पुढे सरकेना. सहावं दार, घोगरा आवाज बारीक झालेला, आणि "भरलं!" एकदा सातव्या दाराची चौकट दिसली. तेवढीच. त्यात लविनाने सांगून टाकलं होतं की वडिलांनी गावाकडे, वाडीत, घर बांधायला काढलंय. शाळा सुरू व्हायच्या आत ते तिकडे राहायला जाणार. मशीनही जाणार. मला त्या सुट्टीत दुसरं काही नको होतं. एका पिंपात किल्ला. एकदाच.

आणि मग एके दिवशी झालं.

त्या दिवशी मी काही वेगळं केलं नव्हतं. नाणी सोडली, वटवाघूळ खाल्लं, भिंतीतून गेले. सहावं दार गेलं. "भरलं" नाही. सातवं दार उघडलं. "भरलं" नाही. बुरुजावरचा कंदील पेटला, कधीही न ऐकलेलं एक गाणं सुरू झालं आणि पडद्यावर न वाचता येणारी अक्षरं वर वर जायला लागली. मी दारात धावले. पिंप गळ्यापर्यंतसुद्धा आलं नव्हतं.

"काकू! झाला! किल्ला झाला!"

"ह्या बरा झाला!" काकू पकड उंचावून म्हणाल्या. "आता गण्याचा लगीन करा." बोळीत हशा पिकला. आईसुद्धा हसली. ताडगोळेवाली नेमकी दारावर आली होती, आईने घासाघीस न करता ताडगोळे घेतले. मी ते सोलायलाही थांबले नाही, सालीसकट चावले. तुरट आणि गोड, दोन्ही एकदम.

लविना ताडगोळा हातात धरून तशीच बसली होती.

"काय झालं?"

"काही नाही."

"सांग ना."

"पिंप भरायच्या आत माझी माळ कधीच संपत नाही," ती म्हणाली. "आज संपली."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. ती म्हणत होती की गण्या नेहमीएवढाच वेळ घेतोय. मी वेगवान झालेच नव्हते. पाणी मंद झालं होतं.

"तू आज भराभरा म्हटलीस!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवतं. "देवाचं नाव मी भराभरा घेत नाही, शिल्पा." ताडगोळा पाटावर ठेवला आणि निघून गेली.

मी आईकडे गेले, बाजू घेईल म्हणून. तणतणत सगळं सांगितलं. माळ काय, जळते काय, स्वतःला खेळता येत नाही म्हणून काय. आईचे हात कपड्यांच्या बादलीत होते. ते थांबले.

"पुन्हा सांग," आई म्हणाली. "माळेचं काय म्हणाली ती?"

*

मी बऱ्याच सभांना जाते. तिथे वरचे लोक एक वाक्य हमखास टाकतात: "उन्हाळा आहे, पाणी कमी येणारच." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं. कारण त्या मे महिन्यात आमची अख्खी चाळ स्वतःलाच हे सांगत होती. पाणी बारीक झालंय हे बायकांना हाताला कळत होतं. शेवटच्या दोन घरांचं पिंप अर्धंच राहत होतं. पण उन्हाळा आहे, येणारच कमी. कुणी वर मान करून विचारलं नाही. बाहेरून कुणी गप्प करायची गरज पडते असं नाही. आपण सवयीने स्वतःला गप्प करतो, आणि वर त्याला समजूतदारपणा म्हणतो.

पुढच्या पाण्याच्या दिवशी आईने टीव्ही लावू दिला नाही. लविनाला हाक मारून आणलं आणि आमच्या दाराच्या कट्ट्यावर, पिंपाशेजारी बसवलं. आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. मी उंबऱ्यावर, ती कट्ट्यावर.

"नेहमी म्हणतेस तशीच म्हण, बाळा," आई म्हणाली. "सावकाश."

काकूंनी नळ सोडला. लविनाने क्रूस केला आणि पहिला मणी धरला. बायका जमल्या. कुणी कमरेवर कळशी, कुणी पोर. हिंदू बायका नमो मरियाच्या तालावर पिंपात डोकावतायत असं ते दृश्य होतं, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माळ पुढे सरकत होती. पाणी सरकत नव्हतं. लविना शेवटच्या मण्याशी आली, क्रूसाचं चुंबन घेतलं. पिंप कमरेच्या जरा वर होतं.

"महिन्याच्या सुरुवातीला हे तोवर भरून सांडलं असतं," आई म्हणाली.

बायका पिंपावर वाकून बघत राहिल्या. आणि त्या शांततेत ते ऐकू आलं. एरवी या वेळी आमच्या खोलीतून गण्याचं गाणं वाजायचं, मी ओरडायचे, काकू ओरडायच्या. आज टीव्ही बंद. चाळीच्या मागच्या भिंतीपलीकडून बारीक, एकसारखी घूं घूं येत होती.

काकूंनी पकड पदराला पुसली. "ही मोटार खंयची गो?"

मागे नवीन बिल्डिंग चढत होती. बायका वळसा घालून गेल्या, आम्ही पोरी मागून. ओल्या सिमेंटचा वास, स्लॅबवर पाणी मारणारे दोन मजूर, आणि भिंतीच्या कडेला पोत्यांखाली आमच्या लाइनला जोडलेली मोटार. पोती काढली तर ती गरम होती, आमच्या अडॅप्टरसारखीच.

मुकादम धावत आला. "ओ काकी, हात नका लावू, शॉक बसेल."

"आमका शॉक बसलो आधीच," काकू म्हणाल्या. "कोणाची ही?"

"मला काय माहीत? शेठ बोलला लाव, मी लावली. स्लॅबला पाणी नाय मारलं तर तडकेल ना."

"आणि आमची पोरं?" आईने विचारलं. "ती नाही तडकत?"

"परवानगी आहे, बाई."

"दाखव."

तो इकडे तिकडे बघायला लागला. परवानगी नव्हती. परवानगी असलेला माणूस असा बघत नाही. हे मला तेव्हा कळलं आणि पुढे फार उपयोगी पडलं.

बायकांनी मोटारीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीतले सगळे हंडे, कळश्या, बादल्या त्या बिल्डिंगच्या गेटात ओळीने मांडल्या. पितळी, स्टीलच्या, प्लास्टिकच्या, उन्हात चमकणारी रांग. शेजारी आपापल्या कामाला बसल्या, कुणी तांदूळ निवडत, कुणी पोराला तेल लावत. विटांचा ट्रक आला, ड्रायव्हरने ब्रेक मारला, खाली उतरला, हंडे पाहिले. "भरलेल्या हंड्यावरून कुणी गाडी घालेल एकवेळ," तो म्हणाला, "रिकाम्या हंड्यावरून नाय घालणार आपण." तो सावलीत जाऊन बिडी ओढत बसला. त्याच्या मागे दुसरा ट्रक थांबला, मग तिसरा. उन्हं कलायच्या आत शेठचा माणूस आला आणि मोटार काढली गेली.

त्या सकाळी मी कोळशाचा तुकडा घेऊन गेटाशेजारच्या भिंतीवर लिहिलं होतं: पाणी आमचं, मोटार कुणाची? ते माझं पहिलं पत्रक. "कुणाची" शब्दाला जागा पुरली नाही म्हणून शेवटची अक्षरं बारीक झाली. लविना शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "प्रश्नचिन्ह मोठं काढ." बोलणं असं सुरू झालं.

*

भिंतीतल्या फटीचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. मला किल्ल्याच्या भिंतीत फट सापडली, मी घुसले. शेठला आमच्या लाइनीत फट सापडली, तो घुसला. मग राग कुणावर? बरीच वर्षं मी याचं उत्तर शोधत होते आणि ते अगदी सोपं आहे. माझ्या फटीमुळे कुणाचं पिंप अर्धं राहिलं नाही. एवढाच फरक आहे आणि एवढा पुरे आहे. व्हिडिओखाली भांडणाऱ्या लोकांतही दोन गट पडलेले दिसले, भिंतीतून जाणारे आणि जिन्याने जाणारे. त्यांनी दोघांसाठी वेगवेगळ्या नोंदी ठेवल्यात आणि विषय मिटवलाय. जगात इतकी शहाणी भांडणं मी फार कमी पाहिलीत.

*

लविनाचं सामान बांधून झालं. टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा होता. मशीन तेवढं आमच्या टीव्हीला लटकलेलं. त्या संध्याकाळी पाणी होतं, आणि आमची पाळी.

मोटार गेल्यापासून नळ सुसाट यायचा. पाईप पिंपात उड्या मारायचा, धरून ठेवावा लागायचा. चाळीला सुख, माझं मरण. ताडगोळ्यांच्या दिवसाचा किल्ला मी मोजतच नव्हते. लविना म्हणाली होती, "सर झाला ना?" मी म्हटलं, "चोरीच्या पाण्यावर नको." आता हे एकच पिंप उरलं होतं.

सगळ्यांना माहीत होतं. बोळीत बायका जरा जास्तच वेळ रेंगाळत होत्या. सावंतकाकू पकड नळाला लावून दारातून वाकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "गो शिल्पा, नळ जरा बारीक करू काय? कोणाक कळाचा नाय."

काकूंनी कधी कुणासाठी नळ बारीक केला नव्हता. त्यांच्या सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा नाही. मी आईकडे पाहिलं. आई पिंपाशी उभी, पाईप हातात, तोंड दुसरीकडे. हो म्हण किंवा नको म्हण असं काहीच तिच्या पाठीवर लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या दोन घरांच्या बायका रिकामी पिंपं पुढे ओढून बसल्या होत्या. लविना माझ्या मागे, भिंतीला टेकून. माळ हातात, पण मणी सरकत नव्हता.

"नको काकू," मी म्हटलं. "पूर्ण सोडा."

फस्स. ढेकर. लाल पाणी. मग धो धो.

आयुष्यात इतकं चांगलं मी काही खेळले नाही. एक नाणं घेतलं नाही. वटवाघूळ छातीवर घेतलं, भाल्यांतून लुकलुकत गेले. भिंत पहिल्या झटक्यात. तिसऱ्या दारातच बाहेरचा आवाज घोगरा झाला. पाचव्यात बारीक. सहावं दार मी पाहिलंसुद्धा नाही, ते बोटांनी उघडलं. सातव्या दाराची चौकट आली, दार उघडलं, बुरुजाची पायरी दिसली, वर विझलेला कंदील दिसला.

"भरलं!"

आईला माहीत होतं मी कुठे आहे ते. गाणं बदललेलं तिलाही ऐकू येत होतं. दोन श्वास थांबली असती तर चाललं असतं. ती थांबली नाही. काकूंनी नळ आवळला, पाईप गपकन पडला, बोळीत पुढच्या पिंपाची ओढाओढ सुरू झाली. आई दारात आली. पाठीमागे निळं पिंप काठोकाठ भरलेलं, इतकं की पाण्याला वर फुगवटा आला होता आणि संध्याकाळचं ऊन त्यावर थरथरत होतं. अख्ख्या मे महिन्यात मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. "भरलं गं," ती पुन्हा म्हणाली. एक वाक्य दोनदा.

गण्या पायरीवर उभा होता, एक पाय वर. लविनाने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी टीव्ही बंद केला. काच विझताना मध्ये एक पांढरा ठिपका उरतो, तो जाईपर्यंत बसले.

मग उठले. हंडे उचलायचे होते.